पुलावर अडणारी हिरवी गाडी

प्रिय डीलिया,

पाकीट हातात पडल्यावर तू ते दोनदा उलटंसुलटं करून पाहशील. नोनी आजी आणि पत्र! घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. अक्षरांचं आणि माझं कधी जमलं नाही हे तुला ठाऊकच आहे. लहानपणी मला दोनदा शाळेत बसवलं आणि दोन्ही वेळा पाटीवरचं पहिलं अक्षर पुरं व्हायच्या आत आम्हा फिरत्या लोकांचा तळ हलला. म्हणून मी बोलतेय आणि दुसरं कुणी लिहितंय. अक्षर कोंबडीच्या पायांसारखं आहे, मला वाचता येत नसलं तरी तेवढं दिसतं. पण जे मी बोलेन तेच लिहायचं, मधे आपलं शहाणपण घुसडायचं नाही, असं वचन घेतलंय. तेव्हा चुका लिहिणाऱ्याच्या, टोमणे माझे.

आज सकाळपासून धुकं आहे. तळ्यावरून येतं आणि आपल्या तळावरच्या ट्रेलरांच्या पायऱ्यांपाशी मांजरासारखं अंग टाकून बसतं. मी दारात चहा घेऊन बसलेय. हल्ली मी बरीच बसते. तुझी आई म्हणते, आई, आत या, गारठा बाधेल. मी म्हणते, बाधायला शिल्लक काय आहे? कपाट रिकामं केलं बघ. सोनेरी काठाच्या त्या बशा, ज्यांना तुला लहानपणी बोटसुद्धा लावू देत नव्हते, त्या सुनांना आणि लेकींना वाटून टाकल्या. कानातल्या रिंगा तुझ्या आईला दिल्या. ती रडायला लागली, तेव्हा म्हटलं, रडतेस कशाला, तुझे कान मोठे आहेत, तुलाच शोभतील. कपाट रिकामं झालं की ट्रेलरमध्ये उजेड जास्त येतो, हे मला या वयात कळलं.

पण मला सांगायचंय ते गाडीचं. तुझ्या आजोबांची हिरवी गाडी. तुला आठवतं, तू चार-पाच वर्षांची असताना मागच्या सीटवर आडवी व्हायचीस आणि गादीला कान लावायचीस? पुढे तुझा आजोबा, माझा मॅटी, किल्ली अर्धीच फिरवायचा आणि थांबायचा. मग गादीखालून, पार खालून, टाकीच्या पोटातून गुणगुण यायची. श्वासभर टिकायची आणि थांबायची. तू ओरडायचीस, मधमाशी उठली! की मग तो किल्ली पूर्ण फिरवायचा. मधमाशी उठल्याशिवाय गाडी हलवायची नाही, असा तुमचा दोघांचा नियमच होता. हा माणूस आधी घोड्यांच्या पोटाला कान लावायचा, घोडे गेले तेव्हा गाड्यांना लावायला लागला. माझं बोलणं मात्र त्याला कधी नीट ऐकू आलं नाही. तुझे कान त्याच्यावर गेलेत. म्हणून तर ब्रेमेनच्या त्या वर्कशॉपमध्ये जर्मन लोक तुला पगार देतात.

गेल्या वर्षी तो गेला तेव्हा तू आलीस, कबरीपाशी मागच्या रांगेत उभी राहिलीस, आणि तुझ्या बापाने तुझ्याशी हातसुद्धा मिळवला नाही. मी सगळं बघितलं. मायल्सचं डोकं म्हणजे भिजलेलं लाकूड, पेटायलाही वेळ आणि विझायलाही. मुलीच्या जातीने गाडीखाली झोपायचं, पक्क्या घरांत राहणाऱ्या घरवाल्यांच्या देशात जाऊन, हे त्याला पचलं नाही. (इथे पेन थांबलं. लिही म्हटलं, लिही. वचन दिलंयस.) तर तू परत गेलीस, आणि नंतर आमच्या वाटेवरच्या लोकांत जे करतात ते केलं. गेलेल्या माणसाची वस्तू मागे ठेवायची नाही. त्याचा ट्रेलर जाळला. कपडे, पलंग, पत्रा कापायची कात्री, सगळं. ठेवलं तर गेलेलं माणूस त्या वस्तूपाशी घुटमळत राहतं, पुढे जात नाही. मला ते पटतं. मी माझ्या आईची घोडागाडी जळताना पाहिली आहे. रंगीत चाकं शेवटपर्यंत उभी होती, जणू अजून कुठे जायचंय.

पण हिरवी गाडी मी जाळू दिली नाही. मायल्स पेट्रोलचा डबा घेऊन उभा होता, आणि मी पुढच्या सीटवर जाऊन बसले. म्हटलं, ही त्याची नाहीच. बॅलिनस्लोच्या घोडेबाजारात, मरायच्या आधीच्या ऑक्टोबरात, त्याने ही मला दिली. सौदा पक्का करतात तसा तळहातावर थुंकला, माझ्या हातावर हात मारला, चार माणसांदेखत. जिवंतपणी दिलेली वस्तू मेलेल्याची नसते. मला गाडी चालवता येत नाही तो भाग वेगळा. तुझा बाप म्हणाला, ठीक आहे आई, तू म्हणशील तसं. पण त्याच्या डोळ्यांत मला दिसलं, तो भ्यायला होता. बापाला नाही गं, बापाच्या नसण्याला.

आणि मग, हिवाळा उलटला तशी, गाडी अडायला लागली. कुठे? तर कबरस्तानाच्या अलीकडच्या त्या उंटाच्या पाठीसारख्या दगडी पुलावर. दरवेळी नाही, पण अडली की तिथेच. पुलावर चढायची, पलीकडे उतरताना तिचं ढुंगण उडायचं, आणि इंजिन गप्प. मायल्स किल्ली फिरवायचा, इंजिन घरघरायचं, पण पेटायचं नाही. मागे मधमाशी नाही. मग आम्ही सगळे उतरायचो, जपमाळ काढायचो, एक माळ संपवून परत बसलो की गाडी निमूट चालू. आता तूच सांग, आमच्यासारख्यांनी काय समजायचं? आख्खा तळ म्हणायला लागला, मॅटी अडवतोय. वस्तू ठेवून घेतली ना, आता भोगा. तुझी आई गाडीत बसेना. माझी जाऊ म्हणाली, नोनी, त्याला चहा हवा असेल, पुलावर कप ठेवून ये. मी ठेवला. कुणा घरवाल्याच्या कुत्र्याने पिला.

मला मात्र त्याचं स्वप्न पडायचं. पुलावर धुकं, आणि तो कठड्यावर बसलेला, तरुणपणचा, हातात त्याने स्वतः ठोकलेला पत्र्याचा पेला. गाडी जवळ आली की तो अडवायचा नाही. नुसता पेला उंचावायचा, जा म्हणून. पण स्वप्नाची साक्ष कोण धरतं? मायल्सने शेवटचं सांगितलं. वर्षश्राद्धाच्या मिसाला, म्हणजे कबरीपाशीच्या प्रार्थनेला, हीच गाडी घेऊन जाऊ. पुलावर चालली तर चालली. अडली, तर परत येताना माळावर नेऊन काडी लावायची आणि बाबांना मोकळं करायचं. मी हो म्हटलं. काय करणार? तो चुकीचं बोलत नव्हता.

त्यानंतर मी तुला फोन केला. म्हणजे तुझ्या फोटोवर बोट दाबलं. ती दुपार तू ऐकली आहेस, पण पाहिली नाहीस, म्हणून सांगते. मायल्सने आधी काय केलं असेल? चुलतभाऊ म्हणाला टाकीतला पेट्रोलचा पंप, म्हणजे आपली मधमाशी, मेलाय, म्हणून हा शेडमध्ये गाडी घालून, तारेचा दिवा लटकवून, तोंडात सिगारेट धरून पेट्रोलची नळी सोडवायला बसला होता! तू फोनवर केवढ्याने ओरडलीस. मी रुमालात फोन कानाशी घट्ट बांधला आणि तू म्हणशील ते माझं म्हणून ओरडायला लागले. मायल्स, सिगारेट! त्याच्या तोंडातून काढली आणि चिखलात दाबली. पाकीट माझ्या बुडाखाली. गाडी बाहेर ढकला, उघड्यावर. चारही दारं उघडा. नाकाने वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर आज काही करायचं नाही, लांब जाऊन उभं राहायचं. वास नव्हता. चाकांना दगड लावा. नळीला हात लावायचा नाही, आत दाब असतो, डोळ्यांत पिचकारी उडेल. आग विझवायचं नळकांडं हवं. ते आपल्याकडे कुठलं? चर्चच्या सभागृहातलं आणलं. फादरना विचारलं नाही, पण परत ठेवताना धूळ पुसून ठेवली.

मायल्स म्हणाला, आई, तुला काय दात दुखतोय का, रुमाल असा काय बांधलायस? मी म्हटलं, कान दुखतोय. मग तू सांगितलंस, पंपाला उगाच मेला म्हणू नका. पंप हा बिगारी. त्याच्यावर एक मुकादम असतो, डिक्कीच्या गालिच्याखाली डाव्या चाकापाशी काळी डबी, ती हुकूम देते तेव्हा तो चालतो. आधी फ्यूज बघा, मग रिले नावाचं वीज जोडणारं खटकं बदलून बघा, मग हुकूम पोचतोय का ते बघा. वीज मोजायच्या मीटरच्या सुया तारांत टोचू नका. मी सगळं तसंच सांगितलं. मुकादम हा शब्द मात्र माझा, तू काहीतरी लांबलचक म्हणालीस. मायल्स गुडघ्यावर बसून माझ्याकडे बघत राहिला. आई, हे कोण सांगतंय तुला? संत अँथनी, मी म्हटलं. संत अँथनीला मीटर वापरता येतो? हरवलेलं शोधून देणं हे त्याचं कामच आहे, मी म्हटलं, तू खाली बघ. त्याने खाली बघितलं. फ्यूज चांगला निघाला. रिले बदलला, फरक नाही. मग मान वर न करता म्हणाला, त्या संताला विचार, पुढे काय.

तेवढं तू ऐकलंस, म्हणून तर तुझा आवाज एकदम बारीक झाला. पण तुला दिसलं नाही ते असं, की त्यानंतर तो सरकत सरकत माझ्या रुमालाशेजारी येऊन बसला होता. मी सांगायच्या आधी त्याचे हात चालत होते. तू म्हणालीस, किल्ली अर्धी फिरवून ठेवा, मीटरचं एक टोक डबीच्या काळ्या तारेला, दुसरं गाडीच्या उघड्या लोखंडाला, आकडा शून्याला चिकटून राहायला हवा. मी डिक्कीची कड धरून गाडी हलवली, आणि आकडा बेडकासारख्या उड्या मारायला लागला. डबीपर्यंत वीज येत होती, तिला परत जायला वाट नव्हती. अर्थिंग गेलं, तू म्हणालीस. अर्थिंग गेलं, मी म्हटलं, आणि मायल्सनेही तेच म्हटलं, तिघांचं एकदमच. आता किल्ली काढा, मग बॅटरी सोडा, तू म्हणालीस, आणि तो माझ्याकडे न बघता, सरळ रुमालाकडे बघत म्हणाला, कुठली तार आधी? काळी, तू म्हणालीस. काळी, म्हटलं मी. मला ते सांगायची गरज नव्हती, तो उठलाच होता. तेवढ्यात फोनची बॅटरी संपली.

नंतर मी तुला एवढंच कळवलं की तार गंजून हिरवी पडली होती, घासून नवी बसवली. कशाने गंजली ते सांगितलं नाही. आता सांगते, आणि लिहिणाऱ्याने दात ओठ न खाता लिहावं. गालिचा पार उचलला तर खाली, त्या तारेच्या बोल्टावरच, प्लास्टिकची बाटली. पवित्र विहिरीवरच्या मेरीमातेचा शिक्का असलेली. झाकण सैल. निम्मी रिकामी. तीर्थ, आणि त्यात मंतरलेलं मीठ. अगं, मिठाचं पाणी लोखंडावर! गाडी उडाली की थेंबभर सांडायचं, बोल्ट गंजत गेला, तार हिरवी पडून नुसती टेकून राहिली होती. पुलावर ढुंगण उडालं की सुटायची, आम्ही सगळे उतरलो-बसलो की हलून परत टेकायची. माळेचा त्यात काही हात नव्हता. मी विचारलं, ही कुणी ठेवली? मायल्सचा चेहरा बिटासारखा लाल. म्हणाला, मीच, आई. बाबांना पुरल्यावर त्याच आठवड्यात. तू गाडी सोडेनास, मग म्हटलं, तू आत असताना त्यांनी तुला सोबत नेऊ नये.

मी हसले, डीलिया. इतकी हसले की खोकल्याची उबळ आली आणि त्याला मला धरून बसवावं लागलं. बापाचं भूत अडवायला बाटली ठेवली, आणि बाटलीनेच भूत केलं! पण आत कुठेतरी असं ऊन पसरलं. जाळायला निघालेला माणूस, आणि आईसाठी गुपचूप गालिच्याखाली हात घालून गेलेला. तसाच आहे तो. प्रेम करायचं तर झाकण सैल.

मिसाच्या दिवशीही असंच धुकं होतं. मी पुढे बसले, तुझी आई मागे, डोळे मिटून. अर्धी किल्ली, आणि मागे मधमाशी उठली. पूल आला. चढलो. वरून तळं दिसत नव्हतं, सगळं दुधासारखं, आणि त्यात दोन हंस, जणू कुणी पुसायचे विसरले. उतरताना गाडी उडाली. कुणी श्वास घेतला नाही. गाडी चालत राहिली. आपली साधी, नेहमीसारखी, कबरस्तानाच्या फाटकापर्यंत. तुझी आई रडली. मी कठड्याकडे वळून बघितलं. तिथे कुणी नव्हतं, पेलासुद्धा नव्हता. तेव्हा मला कळलं की मॅटी केव्हाच पुढे गेलाय. तो कधी कुठे फार थांबणारा नव्हताच.

परतताना मायल्सने गाडी पुलावर आपण होऊन थांबवली. इंजिन बंद केलं. म्हणाला, आई, तुझा फोन दे जरा. मी दिला. तो खाली उतरला, मागचं दार उघडलं, तुझ्या फोटोवर बोट दाबून फोन गादीवर ठेवला आणि खिडकीतून हात घालून किल्ली अर्धी फिरवली. एकदा. मग पुन्हा. त्या रविवारी दुपारी तुला माझ्या नंबरावरून फोन आला असेल. कुणी बोललं नसेल, नुसती गुणगुण. तू हॅलो हॅलो केलंस, ते आम्ही ऐकलं. मग तूही गप्प झालीस आणि ऐकत राहिलीस, तेही ऐकलं. तो फोन मी केला नव्हता, पोरी.

आता हे सगळं तोंडी न सांगता कागदावर का, ते सांगते. फोनवर माझा आवाज ऐकला असतास तर तुला लगेच कळलं असतं की कुठली तार सुटत चाललीय. तुझे कान फार वाईट. डॉक्टरीण म्हणते जेमतेम उन्हाळा बघाल. मी म्हटलं, उन्हाळे तर मी पुष्कळ बघितले, त्यात नवीन काय? मी गेले की माझा ट्रेलर जाळतील आणि जाळावाच, मलाही कुठे घुटमळायचं नाही. पण हिरवी गाडी माझ्या नावाने जळता कामा नये. म्हणून आज, शुद्धीवर असताना, ती मी तुला देतेय. बॅलिनस्लोला हातावर हात मारला की झालं. पण तू ब्रेमेनला आहेस, इतका लांब माझा हात पोचत नाही. आणि तोंडचा शब्द माझ्याबरोबर मातीत जाईल, मग तुझा बाप माळावर डबा घेऊन उभा राहील, रडत रडत, पण उभा राहील. म्हणून ज्याने काडी लावली असती, त्याच्याच हाताने हे लिहून घेतलं. होय, हे अक्षर मायल्सचं आहे. तू ते कधी पाहिलं नसशील. त्याने आजवर कुणाला पत्र लिहिलेलं नाही. इथे तो म्हणतोय, आई, आता पुरे. मी म्हणते, अजून एक ओळ, आणि ती तुझी तू लिही. बाहेर धुकं उठायला लागलंय. गाडी घ्यायला तुला यावं लागेल.

मी रोज सकाळी किल्ली अर्धी फिरवून बघतो. ये.

वरची ओळ त्याची, आणि खालचा काळा डाग म्हणजे माझा अंगठा. चहात बुडवला होता आधी, मग शाईत.

तुझीच,
नोनी आजी